दरकरार आणि अक्षर

मराठीच्या अध्यापकांनी संगणकखरेदीवर लिहावे, हे काही वाचकांना अस्थानी वाटेल. खरेदी हा लेखापालांचा प्रांत आणि संगणक तंत्रज्ञांचा; आम्ही वर्गात ध्वनिविचार आणि लिपी शिकवणारी माणसे. तरीही सरकारी कचेरीतले मराठी कसे उमटणार, याचा निवाडा व्याकरणाच्या पुस्तकाइतकाच खरेदीच्या कागदावर होत असतो, असे आमच्या हळूहळू ध्यानात आले आहे.

सामायिक खरेदीमागची कल्पना साधी आहे. शंभर कार्यालयांना संगणक हवे असतील तर शंभर निविदा काढण्यापेक्षा एकाने सर्वांच्या वतीने घासाघीस करून दर ठरवावा आणि बाकीच्यांनी त्याच दराने मागणी नोंदवावी. यालाच दरकरार म्हणत. केंद्र सरकारात हे काम अनेक दशके पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे होते. ऑगस्ट 2016 मध्ये 'जेम' ही सरकारी ई-बाजारपेठ सुरू झाली आणि 31 ऑक्टोबर 2017 रोजी ते महासंचालनालय बंद झाले. आता विक्रेते आपला माल आणि दर सर्वांसमोर मांडतात, मोठ्या खरेदीसाठी बोली लागते किंवा उलट लिलाव होतो, आणि निरनिराळ्या कार्यालयांची मागणी एकत्र करण्याची सोयही तेथे आहे. पैसा वाचतो, वेळ वाचतो, व्यवहार उघड्यावर येतो. या लाभांविषयी आमचे काहीच दुमत नाही.

किंबहुना ज्याने त्याने आपापली खरेदी केली म्हणजे भाषेचे काय होते, हे आमच्या पिढीने पुरेपूर पाहिले आहे. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे राष्ट्रीय मानक 1991 मध्येच तयार झाले होते, आणि युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. पण बाजारात मिळणारे बहुतेक मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून चालत. एका कार्यालयाने एका विक्रेत्याचा टंक घेतला, शेजारच्याने दुसऱ्याचा. परिणामी एका मेजावरचे सुवाच्य पत्र दुसऱ्या मेजावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक रांग होऊन पोचे. एकाच भाषेत लिहिणारी दोन कार्यालये परस्परांना निरक्षर ठरत.

म्हणून समान मानक हवे, आणि ते अमलात आणण्याचे बळ सामायिक खरेदीइतके क्वचितच कशात असेल. मात्र येथेच आमच्या शास्त्रातला एक जुना प्रश्न समोर येतो. प्रमाणभाषा सर्वांच्या सोयीसाठी असते खरी, पण ती घडवताना कोणाचे उच्चार मोजले जातात? संगणकाच्या तांत्रिक तपशिलात प्रक्रियक, स्मृती, पडद्याचा आकार, हमीचा कालावधी हे सारे नोंदलेले असते. जे नोंदलेले नसते, ते सर्वांत कमी दर देणारा विक्रेता पुरवीत नाही. त्याने पुरवावे असे म्हणण्याचा अधिकारही मग उरत नाही.

एक उदाहरण पाहा. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांतला भेद एका अर्ध्या रकाराचा आहे. पहिल्याने व्यासपीठ सजते, दुसऱ्याने पंगत! युनिकोडमध्ये हा भेद दाखवण्याची सोय आहे आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी लागणारा 'ऱ' आहे. पण संगणकात तो कळफलक सुरू केलेला नसेल, कळांवर अक्षरे कोरलेली नसतील, तर टंकलेखक हाताशी येईल ते उमटवतो. 'ल' आणि 'श' यांच्या मराठी वळणांविषयी महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये निर्णय काढला. पण संगणकासोबत येणाऱ्या टंकात ती वळणे नसतील, तर तो निर्णयही हिंदी वळणाच्या 'ल'मध्येच छापला जायचा.

आमच्या महाविद्यालयात मागणीपत्रक फिरले तेव्हा आम्ही त्यात एक ओळ लिहून दिली: देवनागरी कोरलेला कळफलक आणि मराठी वळणाचा युनिकोड टंक. अंतिम तपशिलात ती ओळ नव्हती. कोणी आकसाने काढली असे मुळीच नाही. इतर विभागांच्या मागण्यांत तिला जोड मिळाली नाही, आणि बेरजेत एकटा आकडा हरवतो तशी ती हरवली.

महाराष्ट्राला सहकार शिकवावा लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभ्या केलेल्या साखर कारखान्याची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकापासून ऐकत आलो. सहकाराचे तत्त्व 'एक सभासद, एक मत' असे आहे. ऊस किती आणला यावर मत मोजले जात नाही. सामायिक खरेदीत मागणी एकत्र येते, मत मात्र येतेच असे नाही. ज्याची मागणी मोठी त्याचा तपशील सर्वांचा होतो. सहकारातली बेरीज घ्यायची आणि मत वगळायचे, याला आम्ही सहकार म्हणणार नाही.

हे सुधारणे अशक्य आहे काय? केंद्राने 2016 मध्ये भ्रमणध्वनींसाठी भारतीय भाषांचे मानक सक्तीचे करण्याचा आदेश काढला: 22 अधिकृत भाषांतला मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे. उत्पादकांना ते जमवावे लागले. हातातल्या यंत्राबाबत जे घडू शकते, ते मेजावरच्या यंत्राबाबत का घडू नये? हजारो संगणकांच्या मागणीत घातलेल्या एका ओळीचा खर्च प्रत्येक यंत्रामागे नगण्य ठरतो. तीच ओळ एकट्या विभागाने मागितली तर चैन ठरते.

तेव्हा भाषेच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी खरेदी समितीच्या बैठकीला कंटाळू नये, इतकेच आमचे सांगणे आहे. पुढच्या मागणीपत्रकात आम्ही तीच ओळ पुन्हा लिहिणार आहोत. या वेळी इतिहास, संस्कृत आणि हिंदी विभागांच्या सह्या सोबत घेऊन.