बसायला एक जागा

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिलमध्ये पाळी बारा तासांची असते. तिचा पदवीच्या शिक्षणाशी काय संबंध, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. मी इथल्या मुलांना बरीच वर्षं वाणिज्याचे विषय शिकवतो आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. वडील रातपाळी करून आलेले असतात आणि दिवसा झोपतात. त्याच खोलीत आई साड्यांवर खडे चिकटवत बसलेली असते, कारण ते काम नगावर मिळतं आणि संध्याकाळपर्यंत माल परत द्यायचा असतो. धाकट्याला फोन हवा असतो. अशा घरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी ऑनलाइन लेक्चर ऐकायला बसते ती जिन्याच्या पायरीवर.

इथली बहुतेक मराठी घरं खानदेशातली. उधन्याहून निघालेली ताप्ती लाइनची गाडी बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला पोचते, आणि या प्रत्येक स्टेशनाच्या आसपासचं कुणी ना कुणी पांडेसरा, बमरोली, भेस्तानच्या गल्ल्यांत राहतं. मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि मिलमध्ये हिंदी. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, गुजरातचं पाठ्यपुस्तक मंडळ मराठीतून पुस्तकं छापतं. परराज्यात राहणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण शाळा सुटली की मराठीही सुटते. कॉलेजात गुजराती नाहीतर इंग्रजी. ताळेबंद चटकन जुळवणारा मुलगा अर्थशास्त्राचं दहा ओळींचं उत्तर लिहायला बसला की अडतो. त्याला विषय कळलेला असतो. तो कोणत्या भाषेत मांडायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

विद्यापीठ काही लांब नाही. दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६५ साली स्थापन झालं. पुढे त्याला वीर नर्मद यांचं नाव मिळालं. सुरतेत जन्मलेल्या या कवीनं स्वतःच्या हिमतीवर गुजरातीचा शब्दकोश तयार केला होता. उधना-मगदल्ला रस्त्यावर विद्यापीठाचं प्रशस्त आवार आहे. तरीही पांडेसऱ्यातली कितीतरी मुलं तिथं जातात ती फॉर्म भरायला किंवा गुणपत्रिका घ्यायला. कित्येकांनी नाव घातलेलं असतं ते ‘एक्स्टर्नल’ म्हणून. दिवसा काम, रात्री गाइड, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा.

घरी बसून पदवी ही कल्पना मोबाइलच्या खूप आधीची आहे. दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केला. १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे वर्ग दिसू लागले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. आणि २०१७ साली सरकारनं ‘स्वयम्’ सुरू केलं, ज्यावर आयआयटीच्या प्राध्यापकाचं व्याख्यान कुणालाही फुकट ऐकता येतं. शिकायची इच्छा आहे पण वर्गात येता येत नाही, अशा माणसाला दार उघडून देणाऱ्या या सगळ्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

हे उपकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा सुरतेचं कापड मार्केट बंद होतं, व्यापारी रस्त्यावर उतरले होते. मग हळूहळू सगळे त्या व्यवस्थेत आले, पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं, आणि वहीवर हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांना टॅली जाणणारा माणूस लागू लागला. एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर उभ्या राहणाऱ्या काही मुलांनी रात्री फोनवर बघून बघून टॅली आणि जीएसटीची विवरणपत्रं शिकून घेतली. आज ती रिंग रोडच्या मार्केटमध्ये खुर्चीवर बसून काम करतात. काही मुली ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांकडे फोटो आणि माहिती चढवण्याचं काम करतात. त्यांना हे कुठल्याही वर्गात शिकवलेलं नव्हतं.

त्या पलीकडे मात्र फोन साथ देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं पदवीबरोबर ऑनलाइन तीन प्रमाणपत्रं मिळवली. ती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून तो मला दाखवायला आला आणि म्हणाला, ‘सर, आता कुठं जाऊ?’ हा प्रश्न त्यानं कुणाला विचारायचा? शिकलेल्या घरात काका असतो, मावसबहीण असते. सीएच्या फाउंडेशनचा फॉर्म कधी निघतो, शिष्यवृत्ती कोणती, मुलाखतीला काय बोलायचं, हे तिथं जेवताना कानावर पडतं. ज्या घरातला हा पहिलाच पदवीधर, त्याला ते कळतं वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर ग्रंथालयात आणि कॅन्टीनमध्ये वेळ घालवला तर. एक्स्टर्नल विद्यार्थ्याला तो वेळच मिळत नाही. विद्यापीठातलं निम्मं शिक्षण या रिकाम्या वेळात होतं, असं माझं ठाम मत आहे, आणि गरिबाच्या मुलाला पदवी देताना आपण नेमकं तेच कापून टाकलं आहे.

मग आई-बाप विचारतात की शिकून काय मिळालं. त्यांना मी दोष देत नाही. नवा हिशेबनीस सुरुवातीला जे कमावतो, त्याहून हात बसलेला मशिनचा कारीगर बऱ्याचदा जास्त घरी आणतो. २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत देशातली एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती, आणि पदवीधरांमधली १३.४ टक्के. या आकड्यांतली मुलं मला रोज भेटतात. त्यांना आणखी एका ॲपची गरज नाही, बसायला एक जागा हवी आहे.

ताप्ती लाइनवरच्याच अमळनेरची आठवण मला इथं होते. तेही गिरणीचं गाव. तिथले गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं करायला पैसा दिला. देशभरातले विद्यार्थी तिथं राहून अभ्यास करत. तरुण साने गुरुजीही तिथं आले, आणि मग त्याच गावात शिक्षक झाले. १९४५ साली त्याच गावात प्रताप कॉलेज निघालं. कापड विणून कमावलेल्या पैशातून एका गिरणीवाल्यानं लोकांना बसून विचार करायला जागा दिली, आणि तिचा उपयोग खानदेशच्या पिढ्यांना झाला. त्याच खानदेशातली माणसं आज पांडेसऱ्यात कापड रंगवतात.

तत्त्वज्ञान मंदिर मागावं एवढी आमची उडी नाही. महापालिकेच्या शाळांच्या इमारती पांडेसऱ्यात आहेत, आणि वर्ग सुटल्यावर त्यांना कुलूप लागतं. त्यातल्या दोन खोल्या रोज संध्याकाळी सात ते अकरा उघड्या ठेवाव्यात. दिवे, पंखे, बाकं आहेतच. वायफाय, चार संगणक आणि गुजराती, मराठी, इंग्रजी पुस्तकांची दोन कपाटं वसाहतीतल्या मिलमालकांनी द्यावीत. त्यांच्या एका महिन्याच्या रंगाच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही. विद्यापीठानं आठवड्यातून एक संध्याकाळ एखादा प्राध्यापक पाठवावा, शिकवायला नव्हे, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. आणि पांडेसऱ्यातून शिकून नोकरीला लागलेल्या तुम्हा सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: तुम्ही आता अडाजण, वेसू किंवा पुण्यात राहत असाल, पण महिन्यातून एक रविवार या मुलांपाशी येऊन बसा. पहिला फॉर्म कसा भरला, पहिली मुलाखत कशी दिली, एवढंच सांगा.