ठमीची दाढ

ठमी मांजर आमच्याकडे आली ती परीछाच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून, ह्यांच्या डब्याच्या पिशवीत बसून. पुढे चिरगाँवात घर झालं आणि अंगणाची मालकी तिने घेतली. पडवीतल्या पाली, धान्याच्या कोठीमागचे उंदीर, भिंतीवरून डोकावणारे परके बोके, सगळ्यांचा बंदोबस्त तीच करायची. घरात आम्ही तिच्याशी मराठी बोलायचो, शेजारच्या काकी 'बिलैया' म्हणून हाका मारायच्या. ती दोन्हीकडे जेवून यायची. माकडांची टोळी आली की मात्र थेट सासूबाईंच्या पलंगाखाली.

बारा वर्षांची झाल्यावर ती सारखी पाणी प्यायला लागली. मैथिलीशरण गुप्तांच्या या गावात जनावरांचा दवाखाना म्हणजे गाई-म्हशी आणि शेळ्यांचा, म्हणून 30 किलोमीटरवर झाशीला नेऊन रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली होती. म्हाताऱ्या मांजरांत हे फार आढळतं. गेलेला भाग परत येत नाही, उरलेला सांभाळायचा. मग पथ्याचं ओलं खाणं, जागोजागी पाण्याच्या वाट्या, आणि पारा 45 च्या आसपास जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात कातडीखाली सलाइन. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. खांद्यापाशी पाण्याचा फुगवटा यायचा आणि हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायचा. ती निमूट बसायची. अशी काही वर्षं खरोखर चांगली गेली.

मग दाढेचं सुरू झालं. भूक होती, ताटलीपाशी ती सगळ्यांच्या आधी हजर. पण घास घ्यायची, एकदम मान झटकायची, ताटलीवरच फिस्कारायची आणि पळायची. हनुवटी लाळेने ओली, अंग चाटणं बंद, पाठीवर केसांच्या गुठळ्या. कण्हणं नाही की विव्हळणं नाही. मांजर दुखणं फार लपवतं. झाशीच्या डॉक्टरांनी ओठ वर केला. खाली डावीकडे लालभडक हिरडी दाढेवर चढली होती. कापसाची काडी टेकवताच सगळा जबडा थरथरला.

ही कीड नव्हती. मांजरांत शरीराच्याच पेशी दात पोखरतात आणि आतली नस उघडी पडते. तो दात भरून भागत नाही, काढावाच लागतो. मूळ शाबूत आहे की हाडात विरलंय यावर काढायची पद्धत ठरते आणि ते एक्स-रेशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दिल्लीला न्या.

अडचण भुलेची होती. मूत्रपिंडांची अवस्था सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन 3.1, म्हणजे वाढलेलं. भुलेत रक्तदाब उतरला की मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं, आणि ठमीकडे शिल्लक फारशी नव्हतीच. दुखण्यावरची औषधंही त्यामुळे बेताचीच. कोणीतरी अर्धी पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही, एवढ्याशा गोळीने जीव जाऊ शकतो.

"पंधरा वर्षांची झाली, आता राहू दे तिला शांत," असं ह्यांचं म्हणणं. पण शांत ती नव्हतीच. भुलेचा धोका एका सकाळचा, दाढेचं दुखणं प्रत्येक घासाला. आणि खाणं तुटल्यावर मूत्रपिंडं काय सुधारणार होती? उपाशी मांजराचं यकृतही बिघडतं. वयाचा आकडा पुढे करून उपचार नाकारणं मला पटत नाही. बघायचं ते रक्त, रक्तदाब, हृदय. तरी हात धजत नव्हता. एका रात्री सासूबाई कवळी धुता धुता म्हणाल्या, "अगं, माझी दाढ ठणकायची तेव्हा मी गार भिंतीला गाल लावून रात्र काढायची. मला निदान सांगता तरी यायचं. घेऊन जा तिला."

दिल्लीत नणंदेकडे उतरलो. आधी शिरेतून सलाइन देऊन तिला सावरलं. भुलेआधी रात्री खाणं बंद, पण पाणी तोडू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. मूत्रपिंडाच्या रोग्याला ते झेपत नाही. पुढच्या पायाला रक्तदाबाचा इवलासा पट्टा, अंगाखाली गरम गादी, सलाइन चालूच. एक्स-रेत शेजारची दाढही पोखरलेली निघाली. दोन्ही काढल्या, हिरड्या विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवल्या. मागे थोडं किटण होतं, ते तसंच राहू दिलं. भुलेची वेळ वाढवण्याइतकं ते महत्त्वाचं नव्हतं, आणि हा त्यांचा निर्णय मला आजही फार शहाणपणाचा वाटतो.

क्रिएटिनिन थोडं वर गेलं, मग पूर्वीच्या आकड्यावर उतरलं. घरी आल्यावर ठमीने लापशीसारखं केलेलं खाणं चाटून पुसून संपवलं आणि मान झटकली नाही. टाके विरेपर्यंत पाठीवरच्या गुठळ्याही तिच्या तिने चाटून सोडवायला घेतल्या.

पुढच्या फाल्गुनात मूत्रपिंडांनीच तिला नेलं. ते टळणार नव्हतं, आणि त्यासाठी आम्ही दिल्लीला गेलोही नव्हतो. मधले सगळे महिने ती न दुखता जेवली. सासूबाई तिला बोटावरची साय चाटवायच्या; मी पथ्याची आठवण करून द्यायची, आणि त्या म्हणायच्या, "खाऊ दे गं, आता खाता येतंय तर."