दीड टन

मालाडला उन्हाळा असतो असं म्हणणं तितकंसं खरं नाही. मालाडला घाम असतो. उन्हाळा असतो तो नागपूर-चंद्रपूरकडे. तिथला माणूस कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओततो, वाळ्याचे पडदे भिजवतो आणि दुपारभर राजासारखा घोरतो. कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, इतकं साधं ते शास्त्र. मालाडची हवा मात्र मार्वेच्या खाडीचं पाणी पिऊन आधीच तट्ट फुगलेली. ती आणखी घोटभरही घेत नाही. आमच्या अण्णांनी नागपूरच्या व्याह्यांचा सल्ला मानून एकदा कूलर आणला होता. चौथ्या दिवशी पापड सादळले, सहाव्या दिवशी पंचांगाची पानं एकमेकांना चिकटली, आणि आठव्या दिवशी कपाटाचं दार जे फुगून बसलं ते दिवाळीला उघडलं.

तरी एसीला अण्णांचा विरोधच. "बावन्न साली सांताक्रूझला ४२.२ झालं होतं. तेव्हा काय आम्ही एसी लावले?" आकडा अगदी बरोबर आहे, १४ एप्रिल १९५२ अशी तारीखसुद्धा वेधशाळेच्या दप्तरी आहे. फक्त त्या दिवशी अण्णा तीन वर्षांचे होते आणि दिवसभर पाण्याच्या पिंपात बसून होते, असं आमची थोरली आत्या सांगते.

वास्तविक एसी हे यंत्र माणसासाठी निघालंच नाही. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसेना, म्हणून कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरनं ते जमवलं. म्हणजे तक्रार आमच्या पंचांगाचीच होती. आमच्या बँकेनं ही परंपरा जपली आहे. सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला तर दोन तासांत माणूस हजर. काउंटरवरचा बंद पडला तर एक परिपत्रक येतं.

असो. २०२३ च्या मे महिन्यात २८ टक्के जीएसटी मोजून आम्ही एसी घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोच जीएसटी १८ टक्के झाला. मी बी.कॉम. असल्याचं सरकारला कोण कळवतं कोण जाणे.

"दीड टनाचा घ्या," दुकानदार म्हणाला. अण्णांनी चष्मा सारखा केला. "दीड टन? भिंत पेलेल का?" त्यांना समजावलं, की हे वजन यंत्राचं नाही, बर्फाचं आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढणारं यंत्र एक टनाचं. त्यातही हा टन अमेरिकन, ९०७ किलोचा. "म्हणजे रोज एवढ्या बर्फात झोपायचं?" अण्णा म्हणाले. "आम्ही काय ससून डॉकचे बोंबील?"

यंत्राची किंमत जाहिरातीत असते. ते भिंतीवर चढवायची किंमत कुठेच छापलेली नसते. फिटिंगचे पंधराशे, बाहेरच्या स्टँडचे नऊशे, भिंतीला भोक पाडायचे सहाशे. तांब्याची नळी खोक्यात तीन मीटर येते आणि आमची खिडकी पाच मीटरवर. वरच्या दोन मीटरचे दोन हजार. पाण्याच्या पाइपचे तीनशे. मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढायचे बत्तीसशे. बेरीज साडेआठ हजार. शिवाय सोसायटीची दोन हजार अनामत, आणि खालच्या मजल्यावर थेंब पडणार नाही असं हमीपत्र. सेक्रेटरींनी ते दोन प्रतींत घेतलं.

मी बँकेत आहे. पाच हजारांच्या खात्यासाठी माणसाकडे पॅन, आधार, दोन फोटो आणि सही मागायची, ही माझ्या हाताला लागलेली सवय. त्यामुळे हातात ड्रिल घेऊन जो बेडरूममध्ये शिरला, त्याला मी सहज विचारलं, "लायसन्स आहे ना?" त्यानं तत्परतेनं पाकीट काढलं आणि स्कूटरचं लायसन्स दाखवलं.

वास्तविक वायर ओढायला आपल्याकडे परवाना लागतो. वायरमनला सरकारी मराठीत तारतंत्री म्हणतात. ऐकलं की एखादा तंबोऱ्याला जव्हारी लावणारा डोळ्यांपुढे येतो. पण एसीवाल्याला परवाना लागत नाही. आय.टी.आय.मध्ये त्याचा दोन वर्षांचा चांगला कोर्स आहे. तो केलाच पाहिजे असं बंधन नाही. पाना, गेज आणि गॅसचा डबा असला की झाला मेकॅनिक.

माझा भाचा अमेरिकेत फीनिक्सला असतो. ते खरोखरचं वाळवंट. २०२३ मध्ये तिथे ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांच्या वर चढत होता. तिथे एसी बिघडणं म्हणजे आपल्याकडे गॅस सिलिंडर संपण्यासारखं नाही, विहीर आटण्यासारखं आहे. म्हणून घरात एसी बसवायला कॉन्ट्रॅक्टरला सरकारी लायसन्स लागतं, त्याच्या वर्गाचं नाव आर-३९. त्यासाठी अनुभव दाखवायचा आणि वर बॉण्ड द्यायचा. त्यानं काम बिघडवून पाठ फिरवली तर गिऱ्हाइकाला ३०,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळावी म्हणून एक फंडसुद्धा आहे. मी भारावून ऐकत होतो. शेवटी भाचा म्हणाला, "पण मामा, हजार डॉलरच्या आतलं किरकोळ काम असेल तर लायसन्स लागत नाही हां." मी मनातल्या मनात रुपये केले. आमचा अख्खा एसी, फिटिंग आणि सोसायटीची अनामत धरून, त्यांच्या किरकोळीत बसत होता.

"मात्र गॅसची नळी उघडायला वेगळी परीक्षा पास व्हावी लागते," तो म्हणाला. हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

कारण तिसऱ्या उन्हाळ्यात आमचा एसी नुसता वारा घालू लागला. एका कंपनीचा माणूस आला, खिडकीतून बाहेर वाकून पाहिल्यासारखं करून म्हणाला, "गॅस संपला. साडेतीन हजार." आता गॅस संपायला ती काही शेगडी नाही. बंद नळ्यांतून तोच वायू फिरत राहतो. कमी झाला तर कुठून तरी गळतोय. बँकेत कॅश कमी आली तर आधी का कमी आली ते शोधतात, मग भरतात. हे मी त्याला सांगितलं. "किती भरणार?" हेही विचारलं. मशिनच्या पट्टीवर ग्रॅमपर्यंत वजन छापलेलं असतं. तो म्हणाला, "हाताला अंदाज असतो साहेब." आमचा वाणी पावशेर साबुदाणा काट्यावर घालतो, आणि चटकन नसला तरी पेट घेऊ शकणारा हा बत्तीस नंबरचा गॅस म्हणे हाताच्या अंदाजानं! त्याला व्हिजिट चार्जचे पाचशे देऊन निरोप दिला.

मग वॉचमननं कुरारचा एक पोरगा आणला. वय पंचविशीच्या आत. कोर्स नाही, मामाच्या हाताखाली सहा वर्षं. त्यानं आल्या आल्या हिच्याकडे भांड्याचा साबण मागितला, फेस केला आणि घरातल्या जोडांवर लावला. बुडबुडा नाही. "बाहेरच्या नटाला असणार काका," म्हणाला, आणि पिशवीतून व्हॅक्युम पंप, गेज आणि चक्क काटा काढला. मासळीवाल्या मावशींकडे असतो तसाच. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. परीक्षा पास होण्यासारखं जे जे होतं ते सगळं त्याच्याकडे होतं, फक्त परीक्षा नव्हती.

आणि दोर नव्हता. आमचं घर पाचव्या मजल्यावर. स्टँड खिडकीच्या उजवीकडे, हात पोचत नाही असा. खाली सेक्रेटरींची स्कूटर काडेपेटीएवढी दिसते.

"पट्टा नाही का रे तुझ्याकडे?"

"कंपनीत होतो तेव्हा होता. तो त्यांचा होता."

तो ग्रिलचं दार उघडून एक पाय बाहेर टाकतच होता. असली पोरं पडल्याची बातमी आतल्या पानावर येते, दोन ओळींची. मी त्याला दंडाला धरून आत घेतला. माळ्यावरून गावी जाताना बेडिंग बांधायचा जाड दोर काढला. तो कमरेला बांधायला तो लाजत होता. दुसरं टोक लोखंडी पलंगाच्या पायाला. पलंगावर अण्णा पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं, काही झालं तरी उठायचं नाही. शिवाय मधला भाग मी दोन्ही हातांनी धरला.

पाऊण तास तो बाहेर होता. पहिल्या पाच मिनिटांत तिथला बुडबुडा सापडला. मग नळीचं तोंड नव्यानं ठोकलं, पंप लावून वीस मिनिटं हवा ओढली, काट्यावर बघून ७८० ग्रॅम गॅस भरला. मधेच सेक्रेटरी आले. गेटवरच्या वहीत मेकॅनिकनं फोन नंबर लिहिलाय पण सही राहिलीय, म्हणाले. मी म्हटलं, तो आत आला की पाठवतो. ते खिडकीकडे गेले, खाली पाहिलं, आणि काही न बोलता दोराला मागून हात लावून उभे राहिले.

गॅसचे अठराशे आणि मजुरीचे आठशे झाले. मी बाराशे दिले आणि दोर तुझ्याकडेच ठेव म्हटलं. त्यानं तो नीट गुंडाळून पिशवीत काट्यावर ठेवला. खोली हळूहळू गार होऊ लागली.

"आता उठू का?" अण्णांनी विचारलं.