बापूकुटीतली दुपार

आज सेवाग्रामला जाऊन आले. वर्ध्याचं ऊन सोसून बापूकुटीत पाऊल टाकलं आणि जीव निवला. कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचा लेप, सारवलेली जमीन, वर बांबू आणि कवेलू. छप्पर ओसरीवर इतकं पुढे उतरलंय, की ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. आसपास मिळणारं सामान आणि गावचेच कारागीर, हा गांधीजींचा आग्रह होता. ते इथे आले 1936 साली. ही झोपडी मात्र आधी त्यांच्या शिष्या मीराबहेनची होती, नंतर गांधीजी इथे राहायला आले.

भिंतीवर मीराबहेननी मातीतच उठावानं ताडाची झाडं काढलीत. रंग नाही. माती मातीवर, फक्त सावलीमुळे दिसणारी. त्या झाडांपुढे मी किती वेळ बसले, कोण जाणे. एवढ्या कमी साधनांत इतकं देखणं काही मी क्वचितच पाहिलंय.

1946 मध्ये गांधीजी इथून गेले, ते परतलेच नाहीत.

निघताना जमिनीवर तळहात टेकवला. आजीच्या माजघराचा गारवा होता तो, अगदी तोच. तिचं घर पाडून आम्ही स्लॅब टाकला, त्याला वीस वर्षं झाली.