अभ्यास आधी, मैदान नंतर

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस भरतीच्या मुलामुलींना सामान्य ज्ञान शिकवते. लेखी परीक्षा १०० गुणांची, मैदानी ५०ची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. आमच्याकडे दिवस पहाटे मैदानावर सुरू व्हायचा आणि तिथून दमून आलेली पोरं आठच्या तासाला माझ्यासमोर बसायची.

धरणं आणि नद्या हा हमखास विचारला जाणारा भाग. भंडारदरा प्रवरेवर, माजलगाव सिंदफणेवर, येलदरी पूर्णेवर, उजनी भीमेवर. वर्गात सगळे खडाखडा सांगायचे. दोन दिवसांनी कोरा नकाशा पुढे ठेवला की येलदरी थेट विदर्भात, तापीला मिळणाऱ्या दुसऱ्या पूर्णेवर जाऊन बसायचं. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, पाठ होतंय हो, पण टिकतच नाही." तिच्या कष्टात काही कमी नव्हतं. तिचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या संशोधकांचं काम माझ्या वाचनात आलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ७२ जणांनी ९० चित्रं आणि त्यांच्या जागा लक्षात ठेवल्या होत्या. म्हणजे आमच्या नकाशासारखंच काम! मग एका गटानं लगेच व्यायाम केला, दुसऱ्यानं चार तासांनी, तिसऱ्यानं केलाच नाही. व्यायाम म्हणजे ३५ मिनिटं सायकल, मध्येमध्ये जोर वाढवत. दोन दिवसांनी चाचणी घेतली, तेव्हा चार तासांनी व्यायाम केलेल्यांच्या सर्वांत जास्त लक्षात होतं. लगेच व्यायाम केलेल्यांना मात्र काहीच न केलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नव्हता.

शिकलेलं मेंदूत पक्कं व्हायला काही तास जातात. व्यायामानं डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीन वाढतात, आणि नव्या आठवणी पक्क्या करायला लागणारी प्रथिनं तयार होण्यात त्यांचा हात असतो. ती मदत योग्य वेळी पोचली तर आठवण टिकते, असा या संशोधकांचा कयास आहे. चारच तास का, हे त्या एका प्रयोगावरून ठरत नाही, आणि मीही त्याला पंचांगातला मुहूर्त मानत नाही. व्यायाम आधी केला तर वाईटच, असंही नाही. जर्मनीतल्या २००७च्या एका प्रयोगात जोरात धावून आल्यावर लोक नवे शब्द २० टक्के लवकर शिकले होते. पण ती धाव जेमतेम काही मिनिटांची होती. अर्धवट झोपेतून उठून पहाटेची अख्खी रपेट मारलेल्या आमच्या पोरांना तो हिशोब कसा लागू होणार?

मी मैदानाच्या सरांकडे गेले. ते माजी सैनिक, शिस्तीचे पक्के. म्हणाले, "मॅडम, भरतीचं मैदान सकाळी असतं. पोरांना सकाळचीच सवय पाहिजे." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बरीच चर्चा झाल्यावर त्यांनी तोड काढली. सकाळी फक्त हलकं धावणं आणि स्ट्रेचिंग, पूर्ण सराव रविवारी पहाटे, आणि दमवणाऱ्या फेऱ्या संध्याकाळी. माझा तास दुपारी बाराला गेला.

फरक मला नकाशावर दिसला. ती मुलगी आता पेन्सिल टेकवण्याआधी पुटपुटते, "ही गोदावरीची पूर्णा, ती तापीची," आणि मगच खूण करते. बाकीच्यांचंही चुकतं, पण पूर्वीइतकं नाही. यात संध्याकाळच्या धावण्याचा वाटा किती आणि पहाटेच्या वाढलेल्या झोपेचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. माझ्या मते झोपेचा वाटा मोठा असावा, म्हणून रात्री बारापर्यंत जागणाऱ्यांना मी आता स्पष्ट सांगते, दहाला पुस्तक मिटा.

अडचण उरते ती उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे चार-पाच वाजता मैदानावर उभं राहवत नाही. तेव्हा तास दोनला आणि धावणं साडेसहानंतर. मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं, म्हणून त्यांच्या फेऱ्या आधी घेतात आणि मुलांच्या मागून.