तळघरातलं कुलूप

1 नोव्हेंबर 2024 ला, कन्नड राज्योत्सवाच्या कार्यक्रमात, माझ्या खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला. मागे मोठा इंग्रजी फलक होता. आमची सोसायटी संकटात डगमगली नाही, अशा अर्थाचा. ती शाल आजवर एकदाच वापरली गेली, आणि तीही मी नाही वापरली.

2024 चा बेंगळुरूचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला, राज्यातल्या 236 पैकी 223 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, शहरातल्या 13,900 सरकारी बोअरपैकी 6,900 कोरड्या पडल्या. उपमुख्यमंत्री शिवकुमारांच्या घरचीसुद्धा आटली, असं तेच म्हणाले. शंभर किलोमीटरवरून चढवून आणलेली कावेरी आमच्यापर्यंत पोचतच नव्हती. आमची सोसायटी सर्जापूर रस्त्याच्या आत, 2007 साली शहरात ओढलेल्या 110 गावांपैकी एकाच्या शिवारात. पत्ता शहराचा, पाणी टँकरचं. बाराशेचा टँकर दोन हजारांवर गेला. सरकारनं मार्चमध्ये दर बांधून दिले, तर टँकरच येईनासे झाले.

मी मिरजेची, कृष्णाकाठची. 2016 साली लातूरला पाणी घेऊन रेल्वे निघाली ती आमच्याच स्टेशनातून. दुष्काळ म्हणजे आपण ज्यांना पाणी पाठवतो त्यांच्याकडे असतो तो, अशी माझी समजूत होती.

आता कुलपाचं सांगते. मार्चच्या मध्यावर समितीची बैठक झाली. तळघरात सफाईच्या बायका, वॉचमन, घरकामाला येणाऱ्या अक्का यांच्यासाठी एकच संडास होता. तो ‘तात्पुरता’ बंद ठेवायचा ठरलं. एकानं हिशेब मांडला: रोजचं पाच-सहाशे लिटर वाचेल. त्याच बैठकीत तरणतलावाचाही विषय निघाला. त्यातलं लाख-दीड लाख लिटर पाणी उपसलं तर नासाडीच होईल, तेव्हा आहे तसं राहू दे, असं ठरलं. कुणी हसलं नाही. मी सहसचिव. कन्नडमधली सूचना मी लिहून घेतली, इंग्रजीतली मी टाइप केली आणि खाली सही केली. विरोध केला का? नाही केला. उशीर झाला होता, घरी टाकीत किती पाणी उरलंय याची काळजी होती. ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. दर वेळी ती आणखी पातळ होतात.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काम करणाऱ्या अक्कानं भांडी घासता घासता विचारलं, “एल्लि होगोदु, मॅडम?” जायचं कुठं? मी म्हटलं, आमच्याकडे जात जा. तिनं मान हलवली, पण गेली नाही ती नाहीच. पन्नाशीची बाई, सकाळी सातला निघायची, चार घरं करून तीनला परतायची. तिनं पाणी पिणंच सोडलं. ऊन तापलेलं, आणि ही एक कप कॉफीसुद्धा नको म्हणायची. हे मला कळायला दोन आठवडे लागले.

आणि ज्यांच्याकडून आम्ही पाचशे लिटर वाचवत होतो, त्यांच्याकडूनच पाणी वापरायला शिकत होतो. अक्काच्या वस्तीत आठवड्यातून एकदा, कधी दहा दिवसांनी पाणी यायचं. पाच घरांनी मिळून पिंपं लावलेली, दारावर खडूच्या रेघा, कुणाच्या किती कळशा झाल्या त्याच्या. ज्या बाईची पाळी पहाटेची तिला पहिला नंबर. बाळंतीण असेल त्या घराची रेघच मारायची नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं झाडाला, हे तिनं मला माझ्याच स्वयंपाकघरात शिकवलं. फिल्टरच्या नळीतून वाहून जाणारं पाणी बादलीत धरायचं असतं हे मला, अभियंत्याच्या बायकोला, तोवर सुचलं नव्हतं.

एप्रिलअखेर चार विहिरी खणायला चौघे आले. पावसाचं पाणी मुरवायची सोय बेंगळुरूत 2009 पासून सक्तीची आहे. आमच्याकडेही होती, झाकण उघडल्यावर आत बिल्डरचा राडारोडा निघाला. तुमच्या सोसायटीत झाकण असेल तर आजच उघडून बघा, रंगकाम पुढच्या वर्षी करा.

ते चौघे मण्णु वड्डर. मण्णु म्हणजे माती, म्हणजे आपल्याकडचे माती वडारच. सर्जापूरकडच्या भोवीपाळ्यात यांची वस्ती आहे. लालबागेत, कब्बन पार्कात मुरवण्याच्या विहिरी याच समाजानं खणल्या. बोअर आल्या तशी यांची पिढीजात कामं गेली, आता बोअर आटल्या तशी परत आली. एक जण आखूड दांड्याची कुदळ घेऊन खाली उतरायचा, वरचे दोराने घमेली ओढायचे. तीन फूट रुंद, वीसेक फूट खोल, कडेनं सिमेंटच्या रिंगा. तळाला सिमेंट अजिबात नाही, माती पाणी प्यायला मोकळी हवी. त्यातला म्हातारा मूठभर माती चुरून, वास घेऊन सांगायचा, इथं मुरेल, इथं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांना सिमेंट कालवायला नळ हवा झाला. जवळचा नळ होता तळघरातल्या त्या संडासात. मॅनेजरनं किल्ली आणली, कुलूप निघालं, आणि पुन्हा लावायचं कुणाला आठवलं नाही. सहा आठवड्यांनी. कुणाला लाज वाटली म्हणून नव्हे, नळ हवा होता म्हणून.

2 जूनला, रविवारी, 111.1 मिलिमीटर पाऊस झाला. जूनमधल्या एका दिवसाचा 1891 चा विक्रम मोडला. हजार चौरस मीटरच्या गच्चीवरून लाखाहून जास्त लिटर, म्हणजे नऊ टँकर, त्या चार भोकांत उतरत होते. आम्ही सगळे छत्र्या घेऊन विहिरींभोवती उभे राहून लहान पोरांसारखे ओरडत होतो. मीही. तेव्हा मला कुलूप आठवलं नाही, हे खरं आहे.

म्हणूनच राज्योत्सवाला माझा जीव गुदमरला. आदल्याच महिन्यात कावेरी पाणी योजनेच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं होतं, सगळे खुशीत होते. पडद्यावर टँकरचे, बादल्यांचे, विहिरींचे फोटो आले. खणणाऱ्यांचे हात दिसले, चेहरे नाहीत. म्हाताऱ्याला कुणी बोलावलंही नव्हतं. अक्का मागे कॉफी वाटत होती. मला वाटलं, शाल परत करावी, दोन शब्द सुनवावेत. आणि त्याच वेळी त्या विहिरींचे फोटो बघून माझे डोळे भरून आले होते. मीही टाळ्या वाजवत होते, मनापासून.

कार्यक्रम संपल्यावर अक्का जवळ आली. शाल चिमटीत धरून म्हणाली, “चेन्नागिदे.” छान आहे. मी म्हटलं, तुलाच ठेव. नको म्हणाली, पण एक फोटो काढा, मुलीला पाठवते. तिनं शाल खांद्यावर घेतली, पदर सारखा केला. जागा तिनंच निवडली, तरणतलावाच्या कडेला. मागे निळं पाणी चांगलं दिसतं, म्हणाली.