चारीला पाणी आलं

१५ ऑक्टोबर
पैठणचं जायकवाडी धरण यंदा भरलं, त्यामुळे आजची तारीख गावात कुणाला आठवली नाही. या दिवशी धरणाच्या नाथसागर जलाशयातला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा समन्यायी वाटपाचा नियम आहे. तुटीच्या वर्षी आम्ही मानवतकर या तारखेकडे डोळे लावून असतो. वरून पाणी सोडण्याची मागणी रास्तच आहे. पण २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचं पाणी आपल्या वावरात पोचल्यावर आपण त्याचं काय करतो, हेही आपण एकमेकांना विचारलं पाहिजे. गावात ते कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९ ऑक्टोबर
काल चारीला पाणी आलं. पावसानं केव्हाचीच उघडीप दिलेली. रानात बोट आत जाईल अशा भेगा. शेजारच्या आबांनी रात्रीच बारं धरलं आणि पऱ्हाटीत मोकाट पाणी सोडलं. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा आली त्या पाळीत मिळेल तेवढं घ्यायचं. पाणीपट्टी पिकावर आणि हेक्टरावर. किती पाणी घेतलं याचं मापच नाही. मग हात राखून पाणी देणाऱ्याच्या पदरात काय पडणार? आबांना बोल लावून उपयोग नाही.

२१ ऑक्टोबर
सकाळी आबांची हाक आली. काल हिरवीगार असलेली पऱ्हाटी जागोजाग माना टाकून उभी. पानं लोंबलेली, बोंडं तशीच लटकलेली. "मास्तर, कोणतं औषध मारू?" औषध कशाला मारणार? एक झाड उपटून मूळ चिरून पाहिलं, आत पांढरंशुभ्र, कुठेही कूज नाही. ही आकस्मिक मर. तापलेल्या, कोरड्या रानात एकदम भरपूर पाणी आलं की दीड-दोन दिवसांत असं होतं. काळ्या मातीत पाणी आधी भेगांतून घटाघट उतरतं, मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याला खाली जायला वाट राहत नाही. मुळांना हवा मिळत नाही. पायाशी पाणी असून झाड ते ओढू शकत नाही.

आबांना म्हटलं, आधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर घालवा, मग युरिया-पोटॅशची आळवणी. दुपारपर्यंत घरची सगळी माणसं कुदळी घेऊन रानात होती.

२ नोव्हेंबर
कालव्याच्या कुशीला असलेला एक तुकडा पाहून आलो. मालक सांगत होते, त्यांच्या वडिलांच्या वेळी इथे शाळूची कणसं ओंजळीत मावत नसत. जायकवाडीचं लोकार्पण १९७६ सालचं, म्हणजे हे सगळं एका माणसाच्या हयातीत घडलं. कालव्याचा पाझर, वर उसाला दिलेलं बेसुमार पाणी. भूजल वर आलं, उन्हानं ते उडालं आणि क्षार जमिनीवर राहिले. माती चिमटीत घेतली, वरून पांढरी भुकटी, खालून चिखल. रान चिबडलं आहे. पुढची पायरी चोपण. परभणीला विद्यापीठात माती तपासायला द्या, असं सांगितलं. सामू साडेआठच्या वर गेला असला तर जिप्सम लागेल. पण आधी निचऱ्याचे चर हवेत, नाहीतर जिप्समचा पैसा पाण्यात.

त्या तुकड्याच्या खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. वरच्या रानातला युरिया पिकाला लागला नाही, तर नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाण्याचा नमुनाही पाठवायला हवा.

१४ नोव्हेंबर
टेलच्या गावात गेलो होतो. तिथली चारी कोरडी, तळाला गवत. एका वावरात बोअरची गाडी उभी होती. २००९ च्या भूजल कायद्यानं खोलीची मर्यादा ६० मीटर घातली आहे, पण वावरात ती कोण विचारतो? हरभऱ्याला एक भिजवण मिळाली असती, तर बोअरसाठी कर्ज काढावंच लागलं नसतं. ते पाणी आमच्या हेडच्या रानांत मुरलं आणि आमचीच रानं खराब करून बसलं.

२३ नोव्हेंबर
पाणी वापर संस्थेसाठी बैठक झाली. मी वाघाडचं सांगितलं. दिंडोरी तालुक्यातल्या त्या धरणावर शेतकऱ्यांच्या संस्था पाणी मोजून घेतात आणि आपसांत वाटतात. २००५ च्या कायद्यानं घनमापन पद्धतीचा तो रस्ता आपल्यालाही मोकळा आहे. मोजून मिळालं तर वाचवलेलं पाणी आपलं राहतं. मग ऊस ठिबकवर जाईल, हरभरा तुषारवर.

एक तरुण उठला. "मोजून घेऊ, मास्तर. पण ते कोणत्या तारखेला येणार, हे पेरणीच्या आधी कोण सांगणार?" त्याचं बरोबर आहे, तारीख कळल्याशिवाय कुणी बारं वेळेत मिटणार नाही. संस्थेच्या अर्जात तेच पहिलं कलम घातलं. आबांनीही सही केली.